मला थोडा वारा हवा होता

मित्रांनो, मी एक जुना मदरबोर्ड आहे. संगणकाची पेटी उघडली की आत जो मोठा, नक्षीदार तक्ता दिसतो, तोच मी. प्रोसेसर, मेमरी, पंखे सगळे मला जोडलेले असतात आणि माझ्यामार्फतच एकमेकांशी बोलतात.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते हुबळीतल्या प्रभंजन वकिलांचे ऑफिस. तिथे मी कितीतरी वर्षे दावे आणि अर्ज तयार करण्यात घालवली. "ह्यानं मला कधी दगा दिला नाही," असे वकीलसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पुढे लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. अंधाराचे मला काही वाटले नाही, पण हाताला काम नाही ही गोष्ट फार जाचत होती.

कपाटातून मला बाहेर काढले ते वकिलांच्या मुलाने, श्रीवत्सने. त्याची आत्या कुसुमावतीबाई धारवाडला सप्तापुरात राहते. ती निवृत्त शिक्षिका. तिच्या शेजारच्या खोलीत अळणावरची उत्तरा राहत होती. लहानपणी तिची दृष्टी गेली, तरी ती विद्यापीठात मराठीत एम. ए. करत होती. तिला लागणारी पुस्तके ऐकायला कुठेच मिळत नव्हती. म्हणून बाई ती वाचून ध्वनिमुद्रित करून द्यायच्या. परीक्षा जवळ आली होती आणि बाईंचा जुना संगणक एवढा घरघरायचा की आवाजात तीच घरघर भरायची.

श्रीवत्सने मला घेऊन बाईंसाठी दुसरा संगणक जुळवायचे ठरवले आणि एक अरुंद, उंच पेटी आणली, कारण बाईंच्या टेबलावर जागाच थोडी. एरवी माझ्या तारा पेटीच्या मागून लागतात. इथे मला पाव वळसा फिरवून बसवले. तारांची तोंडे वर गेली आणि वारा खालून येऊन वरून बाहेर पडेल अशी योजना झाली. माझा जुना उंच पंखा त्या पेटीत मावेना, आणि आवाजही नको होता. म्हणून श्रीवत्सने प्रोसेसरवर पाण्याने गार करणारी यंत्रणा बसवली. पेटीच्या तळाचा पंखाही त्याने काढून टाकला. खोली अगदी शांत झाली. बाई खूश झाल्या.

माझे मात्र हाल सुरू झाले. प्रोसेसर गार होता, पण त्याच्या शेजारी, त्याला वीज पुरवणारे माझे भाग वाऱ्यावाचून तापत होते. जुन्या पेटीत उंच पंख्याचा वारा त्यांनाही लागायचा. पाणी त्यांच्यापर्यंत येतच नव्हते. बाईंचे वाचन चाले तोवर मी कसाबसा तग धरी. ध्वनिमुद्रित आवाज स्वच्छ करण्याचे जड काम लागले की मी बंद पडे. असाच एकदा वाचलेला सबंध धडा गेला. बाईंचा घसा आधीच बसला होता. त्या पुस्तक मिटून नुसत्या बसून राहिल्या.

श्रीवत्सने प्रोसेसरचे तापमान पाहिले. ते ठीक होते. मग दोष माझाच ठरला. दुकानदारानेही फोनवर तेच सांगितले की बोर्ड जुना झाला, बदलून टाका. मित्रांनो, बंद पडणारा तोंडाने काय सांगणार? मला पुन्हा कपाट दिसू लागले.

तेव्हा उत्तरा तिथेच बसली होती. तिने पेटी कशी आहे ते पाहायला तिच्यावरून सावकाश हाताचा तळवा फिरवला. एका जागी, माझ्या तापलेल्या भागांजवळ, तो थांबला.

"श्रीवत्सअण्णा, इल्ली नोड. इथं बघ, हात ठेव की," ती म्हणाली. "बाकी सगळं गार आहे आणि एवढंच चटका देतंय. इथं वारा लागतो का?"

श्रीवत्सने हात ठेवला आणि झटकन काढला. "नाही लागत," तो म्हणाला. "मी फक्त प्रोसेसरचाच विचार केला."

त्याने पाण्याची यंत्रणा काढली. तिच्या जागी माझ्या अंगावर सरळ वारा सोडणारा बुटका पंखा लावला. पेटीच्या तळाशी एक मोठा पंखा बसवला. मोठा असल्यामुळे तो हळू फिरूनही पुरेसा वारा देई. पहिला झोत अंगावरून गेला तेव्हा जे हायसे वाटले ते मी शब्दांत सांगू शकत नाही. आवाज एवढा मंद की बाईंना पंखा चालू आहे का ते विचारावे लागले.

गेलेला धडा बाईंनी पुन्हा वाचला. आवाज स्वच्छ करायला लावला आणि तिघेही माझ्यासमोर बसून राहिले. काम पुरे झाले. बाईंनी मोठा श्वास सोडला, "झालं गं बाई," एवढेच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. उत्तराने कानाला हेडफोन लावले आणि धडा ऐकू लागली. पुढे ती परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली. आता बाई पुढच्या मुलांसाठी वाचतात, आणि मी रोज कामावर असतो.

मित्रांनो, कुणी थकून थांबले तर लगेच त्याला निकामी म्हणू नका. आधी जवळ जा, हात लावून पाहा. कुठे चटका बसतो ते कळले, की पुष्कळदा थोडा वारा मिळाला तरी पुरते.