बाजेखालची भुई

ज्ञानूच्या धाकट्या भावाला, गेनूला, घरातच पान लागलं, म्हणजे साप चावला. पासली गावातल्या इतर घरांसारखीच त्यांचीही भुई मातीची, उंदरांनी आतून पोखरलेली. भाताच्या कणगीला लागून गेनू झोपला होता. वेल्ह्याच्या दवाखान्यात पोचायच्या आतच तो गेला.

तेव्हापासून ज्ञानूची बायको रतनबाई एकच धरून बसली. "ही भुई उकरायची. एक बीळ ऱ्हाता कामा न्हाई."

ज्ञानूच्या मनात लाकडी फळ्या होत्या. बांधावरची जांभूळ वादळात पडली होती, तिच्या फळ्या कापून ठेवलेल्या. थंडीत पायाला ऊबही राहील, असं त्याचं म्हणणं.

"फळीखाली पोकळी ऱ्हाती," रतनबाई म्हणाली. "वर आपुन निजायचं अन खाली त्यानं."

ज्ञानूने फळ्यांचा नाद सोडला. भोरला जाऊन त्याने शहाबादी फरशी पसंत केली. वेल्ह्यापर्यंत ती ट्रकने आली आणि पुढे पेंढ्यावर ठेवून बैलगाडीने.

घरात एकच माणूस फरशीच्या विरोधात होतं, ते म्हणजे ज्ञानूची आई अक्काबाई. बांधावरून पडल्यापासून ती कमरेखाली लुळी होती. कोपऱ्यातल्या बाजेवर पडून असायची. ही भुई तिने नवी नवरी असताना स्वतः चोपली होती, सणावाराला स्वतः सारवली होती.

"माज्या गेनूला भुईनं मारलं न्हाई," ती म्हणायची. "तिला कशापायी उकरताय?"

रतनबाई उत्तर देत नसे. सासू-सुनेचं बोलणं जेवणखाणापुरतंच उरलं होतं.

चैतात वेल्ह्याचा सावळाराम गवंडी कामाला आला. म्हातारीने अंगणात जायला साफ नकार दिला, म्हणून बाज कोपऱ्यातच राहिली. बाकीची भुई उकरून घ्यायची आणि तो कोपरा शेवटी करायचा असं ठरलं. सकाळभर ज्ञानू आणि सावळाराम खणत होते. रतनबाई घमेल्याने माती बाहेर टाकत होती. खाली बिळांचं जाळंच निघालं, एकातून दुसरं फुटलेलं. एका बिळात सावळारामला कात सापडली. ती त्याने बाजूला ठेवली.

कणगीच्या जागेवर पहार बसली आणि भुई खचली. खालून नाग निघाला. तो दाराकडे गेला नाही. मोकळ्या मातीवरून सरळ कोपऱ्याकडे गेला आणि बाजेखाली शिरला.

तिघं जागच्या जागी थांबली.

"काय झालं?" अक्काबाईने विचारलं.

"आत्याबाई, हलू नका," रतनबाई म्हणाली. "लांबडं हाय. तुमच्या बाजेखाली."

म्हातारीची गोधडी जमिनीपर्यंत लोंबत होती. त्या गोधडीला धरून नाग वर चढू लागला. बाजेच्या पायथ्याला त्याचं डोकं दिसलं, मग तो अक्काबाईच्या पावलांवर आला. तिला त्यातलं काहीच कळलं नाही. पाय केव्हाचे बधिर होते.

ज्ञानूने पहार उचलली.

"अवं, खाली ठिवा ती," रतनबाई हळूच म्हणाली. सावळारामने त्याचं मनगट धरलं. ज्ञानूने पहार हळूच खाली टेकवली.

रतनबाई होती तिथेच, म्हातारीच्या समोर, मातीत बसली.

"रतने, कुठं हाय?"

खाली उतरलं असं सांगावं, असं रतनबाईच्या मनात येऊन गेलं. पण म्हातारीचा उजवा हात मांडीवर होता, आणि धीर आला की ती तो पहिल्यांदा गोधडी सारखी करायला नेणार. "तुमच्या घोट्यावर हाय," रतनबाईने सांगितलं. "माज्याकडं बघा. उजवा हात तसाच ठिवा."

"आता?"

"गुडघ्याजवळ आलंय."

अक्काबाईने डोळे सुनेच्या तोंडावरून हलवले नाहीत. कपाळावरचा घाम भुवईत उतरत होता.

"गेनूला लागलं त्ये ह्येच आसंल का गं?"

"ठावं न्हाई, आत्याबाई."

नाग थांबला. त्याने डोकं उचललं, फणा मात्र काढला नाही. म्हातारीच्या बोटांपासून तो वीतभर दूर होता. दाराबाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

"रतने, बोल की."

"हाताजवळ हाय. निस्तं बसून हाय. तुमी माज्याकडंच बघा."

मग तो वळला. भिंतीच्या बाजूने खाली उतरला, उकरलेल्या मातीवरून मागच्या दाराकडे गेला आणि उंबऱ्यापलीकडच्या निवडुंगात दिसेनासा झाला. ज्ञानू पहार घेऊन मागे धावला, पण तिथे काहीच नव्हतं.

"गेलं," रतनबाई म्हणाली. बसल्या जागेवरून सरकत जाऊन तिने अक्काबाईचे हात धरले. बराच वेळ दोघींपैकी कुणी हात सोडले नाहीत.

ज्ञानू परत आला तेव्हा अक्काबाई त्याला म्हणाली, "बाज भाईर काढ. आदी हा कोपरा उकरा."

त्यांनी तिला बाजेसकट अंगणात नेलं. कोपऱ्यातही बिळं निघाली. सावळारामने सगळी बिळं फुटक्या काचा आणि चुना घालून ठोकून भरली, वर खडी दाबली आणि पहिली फरशी त्याच कोपऱ्यात बसवली.

फरशी अक्काबाईला शेवटपर्यंत आवडली नाही. गार लागते, सारवणाचा वास येत नाही, असं ती रोज ऐकवायची, आणि रतनबाई आता उलट उत्तरही द्यायची. गावातल्या बायका त्या दिवसाची हकीकत ऐकायला येत. म्हातारी ती रंगवून सांगे. नाग दर खेपेला थोडा लांब होई.

"भ्या न्हाई वाटलं, अक्काबाई?" एकीने विचारलं.

"वाटलं की," अक्काबाई म्हणाली. "पर ही म्होरं बसली व्हती. खोटं बोलत नव्हती."