अध्यक्षाशिवाय रेकॉर्डिंग

भाषाविज्ञानाच्या एम.ए.साठी लागणारं सगळं शिवांजलीकडे होतं; फक्त अर्धा तास साधं बोलणं नव्हतं. घाटनांदूरच्या बोलीचं रेकॉर्डिंग सोमवारी दिलं नाही, तर प्रबंध पुढच्या वर्षावर जाणार होता. आणि आज रविवार. गावात बोलणाऱ्यांची टंचाई नव्हती. पण रेकॉर्डर दिसला की जो तो छापील मराठीत शिरायचा. दूधवालासुद्धा ‘उपस्थित बंधू-भगिनींनो’ म्हणून मोकळा झाला होता.

शेवटी तिने मामांचं, कल्याणरावांचं, किराणा दुकान गाठलं. मामा माजी सरपंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चार खुर्च्या, हार, नारळ मागवला.

“मामा, नुसत्या गप्पा मारायच्यात.”

“गप्पाच मारू. पण अध्यक्ष कोण?”

शिवांजलीने हताश होऊन रेकॉर्डर सुरू केला आणि साखरेच्या पोत्यावर ठेवला. तेवढ्यात धोंडीराम आले. गेल्या निवडणुकीत मामांना सात मतांनी पाडणारे ते हेच. येऊन सरळ मधल्या खुर्चीत बसले.

“ऊठ बे धोंड्या, ती अध्यक्षाची हाय.”

“मंग बसलोच की.”

“सूचना कुणी मांडली? अनुमोदन कुणी दिलं?”

“आता अनुमोदन कावून पायजे? गावानं दिलंय, सात मतांचं!”

“त्यातलं एक तुझ्या सासऱ्याचं! त्यो तर मतदानाच्या आदी, पोळ्यालाच मेलता!”

मग त्यात पाझर तलाव आला, कुणाची तरी वरात आली, एका म्हशीचं चारित्र्यही आलं. शिवांजली जागची हलली नाही. सरांनी दोन वर्षं तक्ते काढून शिकवलेली बोली तिच्यासमोर अनवाणी पळत होती. त्रेचाळीस मिनिटांनी दोघांनाही धाप लागली.

टोपी नीट करत मामा म्हणाले, “हं, लाव आता मशीन.”

“लावलेलंच होतं, मामा. लई झकास आलंय. पण तुमी दोघांनी या संमतीच्या कागदावर सही दिली तरच सरांना देईन.”

धोंडीराम खाकरले. “शिव्या बी आल्या?”

“शिव्याच तर पाहिजे होत्या.”

“किती झाल्या?” मामांनी हळूच विचारलं.

तिने वहीतल्या रेघा मोजल्या. “तुमच्या सतरा. काकांच्या बावीस.”

धोंडीरामांनी ऐटीत सही ठोकली आणि खाली ‘अध्यक्ष’ लिहिलं. मामांनी कागद बराच वेळ न्याहाळला. मग सही करून खाली अट घातली : ‘दुसरा भाग जोडल्याशिवाय ग्राह्य धरू नये.’

बाह्या सरसावत ते धोंडीरामांना म्हणाले, “पाणी पी बे. मंग सुरू करू.”