माझ्या नावाची बातमी

खांडबारा स्टेशनच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. दुकानात एक मशीन, एक इस्त्री आणि एक टीव्ही. फुकटच्या डिशवर म्हणे शंभर वाहिन्या दिसतात. माकडांनी छपरावरची छत्री हलवल्यापासून माझ्याकडे मात्र एकच धड दिसते, दिल्लीची सरकारी. पहाटे योगासनं, मग शेती, मग गाणी, मग कुणाचं तरी भाषण. मी ती बघतो कमी, ऐकतो जास्त.

त्या दिवशी सकाळी नऊच्या बातम्या चालू होत्या आणि मी एका शर्टाला काज करत होतो. पडद्याच्या तळाशी पट्टी सरकली. सुरतेजवळ बांधकामाचा स्लॅब कोसळला, मजूर खाली अडकले. माझा हात तिथंच थांबला.

माझ्या दाराशी रूपलीबाई भाजीची टोपली घेऊन बसते, आठ वर्षं झाली. तिला वाचता येत नाही, म्हणून पट्टी मी वाचून दाखवतो. तिचा एकुलता एक गोकुळ दीड महिन्यापूर्वी सकाळच्या पॅसेंजरनं तिकडेच कामाला गेला होता.

"काय सांगी ऱ्हायना, भाऊ?"

थाप मारता आली असती, पण तेवढ्यात वाकलेल्या सळया आणि धूळ पडद्यावर आली. मग वाचून दाखवलं. ती टोपली तशीच टाकून आत आली आणि खाली फरशीवर बसली.

"तठेच शे का रे मन्हा पोऱ्या?"

"सुरत काय लहान शे का, मावशी? हजार कामं चालू राहतस तठे."

गोकुळचा फोन लावला, बंद. त्याला कामावर नेणाऱ्या मुकादमाचा दोनदा नुसता वाजला आणि तिसऱ्यांदा तोही बंद झाला. तिच्यापेक्षा मी जास्त घाबरलो होतो, आणि त्याला कारण होतं.

आमच्याकडे निम्म्या गावाची जन्मतारीख एक जून आहे. शाळेत नाव घालताना मास्तर विचारतात, आईबाप हात वर करतात, मास्तर एक जून टाकतात. वर्षही अंदाजपंचे. गोकुळ पुरा एकोणीसचा, पण आधार कार्डावर सतराच. बांधकामाच्या गेटवर अठराच्या खालचा घेत नाहीत. दुरुस्तीसाठी तो तीनदा नवापूरला रांगेत उभा राहून आला आणि मग माझ्याकडे आला. "भाऊ, तुन्हं कार्ड दे दोन महिना." सायकल मागावी तसं मागितलं आणि मीही सायकल द्यावी तसं दिलं. झेरॉक्समध्ये कुणाचाही चेहरा काळाच येतो. वर मी शहाणा त्याला म्हणालो, "मन्हं नाव खराब करू नको बरं." तो हसला. "आईले सांगू नको," म्हणाला, "दुसराना नाववर ती माले जाऊ देवाव नही."

म्हणजे त्या कामावर गोकुळ नावाचं कुणी नव्हतंच. तिथं पितांबर काम करत होता, आणि पितांबर म्हणजे मी.

ती दिवसभर गोकुळचं नाव येऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरून बसली. मी माझं नाव येऊ नये म्हणून बसलो.

आणि दिल्लीवाले आपले ठरलेलं दाखवत राहिले. दहाला हिमाचलातल्या अळंबीची शेती. अकराला शाळेच्या पोरांची प्रश्नमंजूषा. चकचकीत बूट घातलेली पोरं नद्यांची नावं सांगत होती आणि मला त्यांचा उगाच राग येत होता. बारा वाजता एक बाई नारळ खवायला बसली.

"हाई बाई नारळ कसाले दखाडी ऱ्हायनी?" रूपलीबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "पोरं दखाडा म्हणा ना."

एक वाजता बातम्या आल्या. पाच मृतदेह काढले, गेटवरच्या नोंदीवरून ओळख पटवणं सुरू आहे. हे मी तिला वाचून दाखवलं. नोंद म्हणजे काय, हे मात्र सांगितलं नाही.

सांगून टाकायला हवं होतं. दहा वेळा तोंड उघडलं. पण मनात म्हणायचो, तो वाचला असला तर? नाव यायच्या आधीच मी कशाला पोराला मारू? भित्र्या माणसाला असली कारणं बरोब्बर सुचतात.

दुपारी जुना सिनेमा लागला. नायक कड्यावरून पडला आणि नदीतून जिवंत निघाला, तेव्हा रूपलीबाईनं पडद्याला हात जोडले. पाचला कुठल्याशा देवळाच्या आवारात नाच झाला. दाराशी तिची मेथी सुकली, गिऱ्हाइकं आली आणि गेली. ती उठली नाही आणि मी तिला ऊठ म्हणालो नाही.

सात वाजता बातम्या लागल्या. निवेदिका एकेक नाव सावकाश वाचत होती. पहिले दोघे बिहारचे, तिसरा झारखंडचा. चौथं नाव पट्टीवर आधी आलं. मग तिनं तोंडानं म्हटलं, पितांबर, वय चौतीस, नंदुरबार, महाराष्ट्र. पाचवा ओडिशाचा. यादी संपली आणि हवामान सुरू झालं.

"मन्हा गोकुळनं नाव ते नही ना?" तिनं माझा दंड धरला. "नीट वाचं ना तू?"

"नही," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी गळत असताना हसली. "आनि तुन्हं नाव कसं लिधं रे त्यास्नी? तू ते आठे बठेल शेस! जित्याले मारी टाकतस मेला!" ती धडपडत उठली. टोपलीतल्या तिच्या भाकरीच्या फडक्यात गुळाचा खडा होता, तो घेऊन आली. मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे म्हणतात. "तुन्हं आयुष्य वाढनं, भाऊ," ती म्हणाली आणि तिनं स्वतःच्या हातानं तो खडा माझ्या तोंडात घातला.

गूळ गिळवेना आणि थुंकवेना. कुणाचं आयुष्य काढून माझं वाढलं, ते मला ठाऊक होतं. तिचे दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरत होते, नजर उतरवत होते. मी ते हात धरले.

"मावशी, खाले बठ," मी म्हणालो. "मन्हं कार्ड गोकुळकडे शे."