कार्डावरचं चौथं नाव

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास दादू वेल्ह्याच्या बाजारात साबणाची वडी घेत होता, तेव्हा खिशातला मोबाईल वाजला. बायकोची, साळूबाईची, दोन लुगडी धुवायची आणि दुपारच्या एसटीने पुण्याला दवाखान्यात परत जायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"काका, मी खालिद बोलतोय."

खालिद म्हणजे भोरच्या याकूब टेलरचा मुलगा. शिवऱ्याच्या कंपनीत तो दादूच्या मुलाबरोबर, संजयबरोबर कामाला होता आणि दोघं एकाच खोलीत राहायचे. दादूला एवढंच माहीत होतं.

"बोल."

"आई गेल्या, काका. साडेनऊला."

दादू दुकानाच्या पायरीवर बसला. वडी हातातच राहिली.

"संजूला दे."

"तो हैदराबादला आहे ना, कंपनीच्या ट्रेनिंगला. निघालाय तिकडून."

"मंग कागदावर सही कुणी केली?"

बायको गेल्याचं कळल्यावर आपल्या तोंडून हे निघालं, याची दादूला पुढे फार लाज वाटत राहिली. पण तीस वर्षं तो तहसील कचेरीत शिपाई होता. वारसनोंदीला आलेल्या माणसाला तो दारातच विचारायचा, "नाव कुठंय? नाव न्हाई तर नातं न्हाई." ती सवय अंगात मुरली होती.

"मी केली," खालिद म्हणाला.

"तू कोण लागतोस तिचा?"

 खालिद म्हणाला, "तुम्ही या, काका. मी इथंच आहे."

दवाखान्यातल्या कारकुनाने दादूपुढे एक कार्ड ठेवलं. कंपनीने आजारपणासाठी दिलेलं ते कार्ड होतं. इंग्रजी होतं, म्हणून कारकुनाने वाचून दाखवलं. "संजय स्वतः. तुम्ही वडील. साळूबाई आई. आणि खालिद याकूब, जोडीदार. घरचंच माणूस आहे की आजोबा, म्हणून सही चालली. नाहीतर तुम्ही येईपर्यंत बॉडी आत ठेवावी लागली असती."

दादूला जोडीदार म्हणजे काय ते कळत होतं. कार्डावर ते नाव सुनेच्या जागी होतं, हेही कळत होतं. त्याने कार्ड कारकुनाकडे परत सरकवलं.

एकोणीस दिवस साळूबाई त्या दवाखान्यात होती. वॉर्डात घरच्या एकालाच पास मिळायचा. दादूची पाठ धरायची, म्हणून बहुतेक वेळ खालिदच बसायचा. साळूबाईचे केस विंचरायचा, पेज भरवायचा. नर्सबाई एकदा म्हणाली होती, "आजी, पोरगं गुणाचं आहे." साळूबाई म्हणाली होती, "व्हय. घरातलंच हाय." दादूला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

जायच्या दोन दिवस आधी तिने दादूला जवळ बोलावलं.

"माझ्या जलदानाच्या पाण्याला ह्या पोराचा हात लागू द्या. संजूच्या जोडीनं."

"आगं, असं अभद्र बोलू न्हाई."

"व्हय म्हणा की."

"बरं," दादू म्हणाला. कचेरीत माणूस वाटेला लागावा म्हणून म्हणायचा, तसंच.

अंत्यविधी झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी संजय ओट्यावर बसून बापाला सगळं बोलला. मान खाली होती, पण बोलायचं थांबला नाही.

"आईला दोन वर्षं म्हाईत होतं, आबा. तुमाला सांगायला तीच नको म्हणायची. म्हणायची, त्यांना वेळ लागंल."

"आन कंपनीला?"

"औंदा दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचा निकाल आला, आमचं नातं गुन्हा न्हाई म्हणून. त्यावर कंपनीनं कार्डाचा फॉर्म बदलला. म्हणले, ज्याचं घर ज्याच्यासंगं असंल त्याचं नाव लिवा. रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या करणारी कंपनी, तिला आमच्या घराशी काय? पर त्यांनी विचारलं. म्हणून लिवलं."

"लोक हसत न्हाईत?"

"हसायची की. कंपनीच्या बसमधी मागच्या शिटावरची पोरं 'वहिनी आली, जागा द्या' म्हणायची. आमच्या वरच्या निगडे मॅडमनी त्यांना हापिसात बोलावून समज दिली. आता तोंडावर तरी गप असत्यात."

दादूने पाकिटाच्या पाठीवर जलदान विधीच्या पत्रिकेची नावं काढायला घेतली. वारसाच्या अर्जात असतात तशी, क्रमाने. दादू, संजय, पिंकी, जावई, भाऊ भिमा.

"त्याचं नाव छापू नका," संजय म्हणाला. "म्या मागतच न्हाई. नुसता पाण्याला हात लागू द्या. आईनं तुमाला बी सांगितलं हुतं."

"भावकी काय म्हणंल?"

"त्यो हात लावणार न्हाई, तर म्या बी न्हाई. आन मग पुन्हा हितं न्हाई."

दादूने पाकीट खिशात घातलं. 

विधीच्या दिवशी अंगणात मांडव होता. कंपनीची जीप आली. तिच्यातून कंपनीच्या निगडे मॅडम, चार कामगार आणि खालिद उतरले. खालिदने पांढरा शर्ट घातला होता. तो मांडवात न बसता आधी चुलीकडे गेला आणि पाण्याचे हंडे उचलू लागला. दादूची लेक पिंकी त्याला म्हणाली, "तुमी बसा वो दादा, आमी हाय की." तरी तो उचलत राहिला.

श्रद्धांजलीला मॅडम उभ्या राहिल्या. चांगलं बोलल्या. साळूबाईने कंपनीच्या कार्यक्रमाला एकदा डबाभर शेंगोळ्या आणल्या होत्या, ते सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "संजय आणि खालिद, दोघांनाही कंपनीने आई गेल्याची रजा दिली आहे. दोघांच्याही दुःखात आम्ही सोबत आहोत."

बाईंचा हेतू चांगला होता. पण मांडवातल्या माना खालिदकडे वळल्या.

"दोघांला एकच आय व्हय?" भिमा मागून म्हणाला. "दादू, तुला दुसरा ल्योक झाल्याचं आमाला कळवायचं तरी. पेढं खाल्लं असतं."

मागची माणसं हसली. साळूबाईच्या फोटोसमोर हसली.

विधी सांगणारे बौद्धाचार्य सावळाराम घाईने म्हणाले, "घरातली मंडळी पुढं या."

ताटात वाटी ठेवलेली होती. घरच्यांनी मिळून तांब्याला हात लावायचा आणि वाटी भरून वाहीपर्यंत पाणी सोडायचं. संजय पुढे आला. त्याच्या मागे, दोन पावलं सोडून, खालिद. पिंकीने सरकून त्याला जागा केली. खालिद दादूकडे बघत होता. संजयही. भिमाही.

दादूला फक्त "ये" म्हणायचं होतं.

"घरातलेच या," तो म्हणाला.

खालिदने अर्धा पुढे केलेला हात मागे घेतला आणि खिशात घातला. संजयने तांब्यावरचा हात काढला. गाथा सुरू झाल्या होत्या, म्हणून दादू आणि पिंकीने पाणी सोडलं. वाटी भरली, ताटात वाहिली. निम्मं पाणी मांडवाच्या मातीत गेलं.

जेवणं झाल्यावर खालिदने सतरंज्या घडी केल्या. "येतो, काका," म्हणाला आणि जीपमध्ये बसला. संजय त्याच्या शेजारी बसला. मॅडम दादूपाशी थांबल्या.

"आजोबा, मी जास्त बोलले असेन तर माफ करा. कार्ड दिलं, रजा दिली, कुणी त्रास दिला तर बघू. पण तुमच्या अंगणात कंपनीचं काय चालणार?"

जानेवारीत टपालाने नवीन कार्ड आलं. दादूने ते तलाठ्याच्या पोराकडून वाचून घेतलं. साळूबाईचं नाव कमी झालं होतं. तीन नावं होती. संजय, दादू, खालिद. संजयने बापाचं नाव काढलं नव्हतं.

दादूने कार्ड साळूबाईच्या फोटोमागे ठेवलं. एकदा तो चेलाडीपर्यंत एसटीने गेला. तिथून शिवरे फार लांब नाही. रस्त्याकडेला चहा घेतला, खोलीचा पत्ता लिहिलेला कागद दोनदा काढून बघितला आणि परतीच्या गाडीत बसला. संजयला दोनदा फोनही लावला. दोन्ही वेळा खालिदने उचलला. "काका? बोला ना, काका." दादूने बंद केला.

नाव नाही तर नातं नाही, असं तो तीस वर्षं लोकांना सांगत होता. इथे तर नाव होतं. छापलेलं होतं, वर कंपनीचा शिक्का होता.

साळूबाईने जाताना एकच काम सांगितलं होतं आणि तो बरं म्हणाला होता. ते अजून झालेलं नाही.