आण्णाप्पांची मुकी घंटा

निपाणीतल्या पितळी भांड्यांच्या कारखान्याला पंचाहत्तर वर्षं झाली, तेव्हा पुस्तिका लिहायचं काम अनुराधाच्या गळ्यात पडलं. कारखाना तीच चालवायची. इतिहास मात्र तिच्या वडिलांच्या, आण्णासाहेबांच्या ताब्यात होता.

"लिही," ते म्हणाले. "आमच्या आप्पांनी, म्हणजे तुझ्या आण्णाप्पा आजोबांनी, पहिली ओतली ती देवळाची घंटा. पाच मैल ऐकू जायची!"

शेजारी समया पुसत बसलेली पद्मावतीआत्या फिस्सकन हसली. "पाच मैल? पुजाऱ्याला ऐकू आली न्हाय ती! मी होतो की तिथं, सात वर्षांची. तू पाळण्यात होतास."

"आक्का, गप बस."

"न्हाय बसत. आप्पांनी टोल दिला, तर थप्प! पिशवी पडल्यागत. मिश्रणच चुकलं होतं. गावानं घंटा गाडीत घालून परत धाडली. आप्पा दोन दिवस तोंड लपवून बसले. तिसऱ्या दिवशी ती वितळवून खलबत्ते ओतले, आणि संकेश्वरच्या बाजारात मिरचीवाल्यांच्या शेजारी मांडले. एक उरला न्हाय! खलबत्त्याला कुठं गळा लागतोय?"

अनुराधा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. हार घातलेल्या फोटोतला आजोबा तिला पहिल्यांदाच आपला वाटला. मागच्याच महिन्यात तिच्या घाईनं चाळीस समया बिघडल्या होत्या, आणि खापर तिनं साचे करणाऱ्या भरमूवर फोडलं होतं. ती तशीच उठली, भट्टीपाशी गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भरमूअण्णा, त्या समया माझ्यामुळं गेल्या."

"ठाऊक हाय की," भरमू म्हणाला. "चहा सांगा आता."

"ते थप्प छापलंस तर मी समारंभाला येणार न्हाय," आण्णासाहेबांनी बजावलं. तिनं छापलं.

ते आले. कोट, फेटा, सगळं. स्टेजवर पुस्तिका उघडली आणि त्यांचे कान लाल झाले. त्यांनी माइक ओढला.

"आमच्या आप्पांची घंटा," ते म्हणाले, "अशी मुकी, की गाव आप्पांना भेटायला आलं, मयताला येतात तसं!"

मांडव हसून लोळला. आण्णासाहेबांना चेव चढला. "आप्पा महिनाभर घराबाहेर पडले न्हाईत!"

"दोन दिवस रं!" आत्या पहिल्या रांगेतून ओरडली.

"महिना!"

"खोटारड्या!"

अनुराधानं कपाळाला हात लावला. पुढच्या आवृत्तीत काय घालायचं, यावरून ते दोघं जेवणाच्या पंगतीतही भांडत होते, आणि वाढपी जिलेबी घेऊन मधेच उभा होता.