पोरांच्या नावचे नळ

होळी नाक्यापलीकडच्या एका आळीत पाणी सोसायटीने कॉम्प्युटर आणला, तेव्हा धर्मा अध्यक्ष होता. नळांची नोंद कॉम्प्युटरवर घालून द्यायला चंदनसारहून परेश येई. त्याने विचारलं, "काका, नळाचा नंबर तीन आकडी ठेवू ना? पुढे घरं वाढतील."

"दोनच आकडी ठेव," धर्मा म्हणाला. "शंभर नळ झाले तर आळी आपली राहील काय? बिल्डिंगवाले येतील पानी प्यायला."

"नंतर बदलायचं तर सगळं नव्याने लिहावं लागेल."

"बदलायचंच नाय. बस?"

आळीत घरं साठ. उरलेले नंबर ज्याला मुलगे त्याने मुलांच्या नावांवर अडवले. पाळण्यातल्या पोरांचेही नळ ठरले. धर्माने आपल्या मुलाचा, प्रितेशचा घातला. मुलगी संजना, तिचं नाव कोणी काढलं नाही, ती सासरी जाणार होती. बिल्डिंगवाले अर्ज घेऊन आले की धर्मा हात झटकी, "आमी काय करू? कॉम्प्युटर घेत नाय."

पुढे संजनाचा नवरा कामणच्या गोदामात माल अंगावर पडून वारला. सासरी तिला कोणी ठेवून घेतलं नाही. धर्माने वाडीच्या कडेला तिला खोली बांधून दिली आणि नळाचा अर्ज घेऊन स्वतः सोसायटीत गेला. खुर्चीत आता आत्माराम होता.

"दादा, नव्याण्णव भरले."

"त्यातले कितीक नळ बसलेच नाय अजून! पोरं गेली मीरा रोडला."

"येतील की उद्या. नियम तुमचाच." आत्माराम हसला. "आमी काय करू? कॉम्प्युटर घेत नाय."

परेश आकडा वाढवून द्यायला तयार होता, पण कमिटीचा ठराव हवा होता. सभेत एकही हात वर झाला नाही. तिसरा आकडा आला की बिल्डिंगवाले आत शिरतील, हे धर्मानेच सगळ्यांना पढवलं होतं.

मग त्याने प्रितेशला फोन केला. "तुझा नंबर बहिणीला दे."

"दिला की तिचाच झाला, बाबा. माझ्या पोरांनी घर बांधलं तर?"

"बांधनार हायेस?"

"बघू. असू दे तरी."

पाणी सुटलं की संजना हंडा घेऊन बापाच्या दारी येई. एकदा धर्मा म्हणाला, "हा नळ तुझाच समज, पोरी."

"तुमी हायेत तवर," ती म्हणाली. "मग हा पन त्याचाच."

हंडा भरला होता. तिने तो एकटीनेच डोक्यावर घेतला.