गालापर्यंतची दोरी

चार वाजता आईला हॉस्पिटलात दाखल करायचं होतं आणि दुपारचा एक वाजला तरी धाकटीच्या हाती एकही धड फोटो लागला नव्हता. उद्या सकाळी डॉक्टर आईचा उजवीकडचा वरचा जबडा काढणार होते, गालाच्या हाडासकट. नंतर चेहरा कसा दिसेल ते त्यांनी कागदावर रेघा मारून दाखवलं होतं. आईने तो कागद घडी घालून त्यांना परत दिला आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "जायच्या आधी माझा एक फोटो काढ. पण ह्यांच्या लेन्सने."

'ह्यांच्या' म्हणजे बाबांच्या. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती.

धाकटीचं पोट कॅमेऱ्यावरच चालायचं. कॅटलॉगसाठी बूट, मिक्सर, गाद्या असले फोटो ती काढायची. चाळीस वर्षांपूर्वीची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढवणं तिला डाव्या हातचा मळ वाटलं होतं. त्या लेन्सने तिला अर्ध्या दिवसात पाणी पाजलं. मधली अडॅप्टरची रिंग बसवली, तर कॅमेरा म्हणाला, लेन्सच नाही. मेनूच्या पोटात शिरून तिने 'लेन्सशिवाय शटर' हे सेटिंग एकदाचं शोधलं. मग कळलं, की लेन्समधली उजेड कमी-जास्त करणारी पाती तेलकट होऊन उघडीच अडकली आहेत. कडी कितीही फिरवा, ढिम्म हलत नाहीत. पाती अशी सताड उघडी, म्हणजे बोटभर जागेतच काय ते स्पष्ट येणार, पुढचं-मागचं सगळं धूसर.

आणि आई डुलत होती. दुखण्यावरच्या गोळ्यांनी तिला स्टुलावर ताठ बसवत नव्हतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोळ्यांच्या कडा लाल चमकायच्या, म्हणजे फोकस लागला. पण बटण दाबेपर्यंत आई मागे गेलेली असायची. एकशे बारा फोटो झाले होते. त्यांत नाकाचे शेंडे सुरेख आले होते.

"माझ्या लेन्सने काढू दे ना गं," धाकटी काकुळतीला आली.

"तुझी लेन्स बुटांना ठीक आहे. तिच्यात माझी सूज दिसते. ह्यांच्यात मी दिसते."

"मग एका जागी बस ना, आई. एवढंही जमत नाही का तुला?"

"बसते हं," आई म्हणाली, आणि दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या.

त्या 'बसते हं'ने धाकटीचा जीव गोळा झाला. ती भिंतीकडे तोंड करून उगाच लेन्स पुसत राहिली. उद्यापासून हा चेहरा जगात कुठेच नसणार होता, आणि तो तिच्या हातून निसटत होता.

"दारातल्या बॅगेला दोरी कसली बांधलीस?" मागून आईने विचारलं.

"बाबांच्या ट्रायपॉडला लोंबत होती. बॅगेची चेन तुटलीय."

"कर्म माझं. सोड ती आधी."

साधी सुतळी होती. एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला गाठ. आईच्या सांगण्यावरून धाकटीने फास कॅमेऱ्याखालच्या स्क्रूला अडकवला. गाठ आईने हातात घेतली.

"ह्यांची नजर अधू, आणि चष्म्याची लाज. दोरी ताणून गाठ मी गालाच्या हाडाला टेकवायची, की अंतर पक्कं. हे लेन्सवर तेवढ्या अंतराचं फोकस लावायचे. 'सोड' म्हणाले, की हात खाली."

अल्बममधल्या प्रत्येक फोटोत आईचा उजवा हात हनुवटीजवळ पुसट झालेला असे. इतकी वर्षं धाकटीला ती आईची अदा वाटत आली होती.

आईने गाठ उजव्या गालाकडे नेली. तिथे टॉवेल लागला तरी ती कळवळायची.

"आई, दुखेल गं. डावीकडे धर."

"डावीकडचं ह्यांनी कधी मोजलं नाही."

तिने गाठ टेकवली आणि दोरी ताणली. डोळ्यांत पाणी आलं, पण डुलणं थांबलं. धाकटीने पडद्यावर आईचा डोळा मोठा करून पाहिला, फोकसची कडी केसभर फिरवली. एकेक पापणी मोजता येत होती. बटणावर बोट ठेवून ती त्या पापण्या पाहतच राहिली. दोरी ताणून धरलेला आईचा हात कापू लागला.

"सोड," धाकटी म्हणाली.

एकच फोटो काढला. आईने तो बराच वेळ पाहिला आणि मान डोलावली.

"ही दोरी आता बॅगेला बांधू नकोस," ती उठता उठता म्हणाली. "आणि पुढच्या वेळी गाठ बोटभर पुढे बांध."

"का?"

"गाल तेवढा आत गेलेला असेल."

धाकटीने दोरी खिशात घातली. उघड्या चेनची बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरून ती आईच्या पुढे जिना उतरू लागली, म्हणजे आईला तिचं तोंड दिसणार नव्हतं.